दिव्यांग बालकांच्या पालकांचे प्रशिक्षण : सेवाभाव की हक्कभान? – एक चिकित्सा

सारांश

दिव्यांग बालकांच्या पालकांना प्रशिक्षण द्यावे, याविषयी आज फारसे दुमत आढळत नाही. मतभेद आहे तो प्रशिक्षण कशाचे द्यावे, याविषयी. बालकाची काळजी घेण्याचे कौशल्य आणि बालकाच्या हक्कांसाठी यंत्रणेसमोर उभे राहण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. भारतातील पालक-प्रशिक्षणाचा भर प्रामुख्याने पहिल्या गोष्टीवर राहिला. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील पालक-प्रशिक्षण केंद्रांचे प्रतिमान आणि भारतीय कायद्यांतील तरतुदी यांची चिकित्सा करून, हक्काधिष्ठित प्रशिक्षणाची गरज, त्याच्या मर्यादा व त्याची दिशा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : दिव्यांग बालक, पालक-प्रशिक्षण, पाठपुरावा, समावेशक शिक्षण, शाळा व्यवस्थापन समिती.

१. प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख व्यक्ती दिव्यांग होत्या. या आकड्यांमागे कुटुंबे उभी आहेत. तथापि धोरणविषयक चर्चेत कुटुंबाचा उल्लेख येतो तो बहुधा दोनच रूपांत : सेवा देणारा घटक म्हणून किंवा सहानुभूतीचा विषय म्हणून. मराठी साहित्याने व चित्रपटानेही या कुटुंबांची दखल घेतली आहे. जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ या नाटकाने मतिमंद मुलाच्या आई-वडिलांची कोंडी रंगमंचावर आणली. १९९१ च्या ‘चौकट राजा’ या चित्रपटाने हा विषय घराघरांत पोहोचविला. परंतु या कलाकृतींनी जागविलेली करुणा सार्वजनिक जबाबदारीच्या प्रश्नापर्यंत क्वचितच पोहोचली. प्रेक्षकाने डोळे पुसले. शाळेने प्रवेश का दिला नाही, हे विचारण्याची सवय मात्र समाजाला लागली नाही. पालक-प्रशिक्षणाचा विचार करताना हा सांस्कृतिक संदर्भ लक्षात घेणे आवश्यक ठरते.

२. संकल्पनेचा प्रश्न

ज्याला ‘अ‍ॅडव्होकसी’ म्हटले जाते त्यासाठी मराठीत अद्याप एक रुळलेला शब्द नाही. ही केवळ भाषांतराची अडचण नव्हे. ‘वकिली’ या शब्दात मोबदला घेऊन दुसऱ्याची बाजू मांडण्याचा अर्थ आहे आणि बोलण्यात त्याला उपरोधाची छटाही येते. ‘पैरवी’ हा शब्द संस्थांच्या अहवालांत दिसतो, घरात बोलला जात नाही. ‘कैवार’ हा अस्सल मराठी शब्द. पण ज्याचा कैवार घ्यायचा तो दुबळा आणि मुका असल्याचे त्यात गृहीत धरलेले असते. ‘पाठपुरावा’ हा शब्द सर्वांत परिचयाचा आहे. तालुक्याच्या कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घातलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळतो. मात्र त्यातही एक मर्यादा आहे : अर्ज आपला, निर्णय दुसऱ्याचा, आपल्या हाती केवळ वारंवार विचारणा करणे, असे चित्र त्यातून उभे राहते.

हक्काधिष्ठित प्रशिक्षणात तीन पातळ्या अभिप्रेत आहेत. पहिली, कायदा व योजना यांची माहिती. दुसरी, शिक्षक, डॉक्टर व अधिकारी यांच्यासमोर बरोबरीच्या नात्याने बसून बालकाची बाजू मांडण्याचे कौशल्य. आणि तिसरी, एका बालकाच्या प्रश्नातून सर्वांसाठी व्यवस्था बदलण्याची सामूहिक क्षमता. भारतातील अनेक पालक-मेळावे पहिल्या पातळीवर, तेही योजनांच्या यादीपाशी थांबतात, ही त्यांची प्रमुख उणीव होय.

३. अमेरिकेतील प्रतिमान : उदय आणि रचना

पालकांच्या हक्क-प्रशिक्षणाला कायद्याचे अधिष्ठान देणारे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथेही आरंभ शासनाच्या औदार्यातून झाला नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातील मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेने १९७१ मध्ये न्यायालयात धाव घेतली व या मुलांना सार्वजनिक शिक्षणातून वगळता येणार नाही, अशी तडजोड न्यायालयामार्फत मान्य करून घेतली. १९७२ च्या मिल्स खटल्यात, पैसा अपुरा आहे या सबबीवर दिव्यांग बालकांनाच शिक्षणातून वगळता येणार नाही, असे वॉशिंग्टन येथील न्यायालयाने स्पष्ट केले. या पार्श्वभूमीवर १९७५ चा शिक्षणविषयक संघीय कायदा आला. १९९० मध्ये त्याचे नामांतर झाले आणि ‘आयडिया’ या संक्षेपाने तो ओळखला जाऊ लागला.

या कायद्याने प्रत्येक पात्र बालकासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बंधनकारक केला आणि तो तयार करणाऱ्या गटात पालकांना स्थान दिले. परंतु स्थान मिळाले म्हणजे बोलता येते असे नाही. मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक व प्रशासक यांच्या परिभाषेपुढे पालक गप्प राहतात, हे लवकरच ध्यानात आले. म्हणून १९८३ च्या दुरुस्तीने पालक प्रशिक्षण व माहिती केंद्रांना संघीय निधीची तरतूद झाली. प्रत्येक राज्यात असे किमान एक केंद्र असावे, अशी ही व्यवस्था आहे. तिचा लक्षणीय भाग म्हणजे, केंद्र चालविणाऱ्या संस्थेच्या नियामक मंडळात दिव्यांग मुलांच्या पालकांचे बहुमत असणे आवश्यक आहे. प्रशिक्षण घेणारा आणि प्रशिक्षण ठरविणारा यांच्यातील अंतर त्यामुळे कमी होते. तज्ज्ञाने पालकाला शिकवावे, या रूढ क्रमाऐवजी अनुभवी पालकाने नव्या पालकाला उभे करावे, हे या रचनेचे सूत्र आहे.

४. प्रतिमानाच्या मर्यादा

असे असले तरी या प्रतिमानाचा आदर्श म्हणून स्वीकार करणे योग्य ठरणार नाही. त्याची पहिली मर्यादा तत्त्वाची आहे. कायद्याची अंमलबजावणी पालकांच्या तक्रारींवर अवलंबून ठेवली की अंमलबजावणीचा भार शासनाकडून कुटुंबाकडे सरकतो. पालक जागरूक असेल तर बालकाला सेवा मिळते. पालक थकला की सेवा आटते. ज्या बालकाला पालकच नाहीत, त्याचे काय, हा प्रश्न तर शिल्लकच राहतो.

दुसरी मर्यादा वर्गीय आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शॅफर खटल्यात असा निर्णय दिला की, सुनावणीत सिद्धतेचा भार दाद मागणाऱ्या पक्षावर राहील. व्यवहारात हा पक्ष बहुधा पालकच असतो. २००६ च्या मर्फी खटल्यात, पालक जिंकले तरी त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञांचे शुल्क त्यांना वसूल करता येणार नाही, असे ठरले. म्हणजे हक्क सर्वांना समान. पण तो सिद्ध करण्याची ऐपत असमान. प्रशिक्षणाने ज्ञानाची दरी काही अंशी बुजते, पैशाची व वेळेची दरी बुजत नाही. २००७ च्या विंकलमन खटल्याने पालकांना वकिलाविना स्वतः संघीय न्यायालयात उभे राहण्याचा मार्ग मोकळा केला; परंतु त्यामुळे ही विषमता मिटली असे म्हणता येत नाही.

या मर्यादांवरून एक निष्कर्ष निघतो. दाद मागण्याची सुलभ यंत्रणा आणि पालकांचे प्रशिक्षण या परस्परपूरक गोष्टी आहेत. यंत्रणेशिवाय प्रशिक्षण दिल्यास निराशा पदरी येते, तर प्रशिक्षणाशिवाय यंत्रणा उभारल्यास तिचा लाभ मोजक्यांनाच होतो.

५. भारतीय परंपरा : सहचिकित्सक पालक

भारतातील पालक-प्रशिक्षणाचा इतिहास वेगळा आहे. येथे सेवाच तुटपुंज्या असल्यामुळे पालकालाच चिकित्सक बनविणे ही अपरिहार्यता होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९६९ मध्ये सुरू झालेली पोर्टेज ही गृहाधारित पद्धती भारतातही वापरली गेली. दिल्लीच्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेने पालक व बालक यांना एकत्र प्रवेश देणारा तीन महिन्यांचा कार्यक्रम विकसित केला. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना केली, ती मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलीची आई म्हणून आलेल्या अनुभवातून. भारतातील अनेक संस्थांचा उगम पालकांच्याच पुढाकारात आहे, ही बाब महत्त्वाची होय.

परंतु या परंपरेतील पालकाने, व्यवस्था नव्हती तेथे स्वतःच व्यवस्था उभारली. हे कार्य थोर असले तरी त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला : शासनाची जबाबदारी संस्थेने आणि संस्थेची जबाबदारी आईने उचलावी, हा क्रम रूढ झाला. घरी करून घ्यावयाच्या व्यायामांची व कृतींची यादी आईच्या हाती दिली जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला ती यादी म्हणजे आणखी एक पाळी ठरते. प्रगती झाली नाही तर दोषही तिच्याच वाट्याला येतो. सहचिकित्सक हे सन्मानाचे पद असले तरी त्याला ना वेतन आहे, ना रजा.

६. कायद्याच्या भाषेतील भेद

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक करारनाम्याला भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या २३ व्या अनुच्छेदात दिव्यांग बालके व त्यांचे कुटुंबीय यांना वेळीच व सर्वंकष माहिती, सेवा आणि आधार देण्याचे उत्तरदायित्व राष्ट्रांवर टाकले आहे. त्याला अनुसरून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४७ मध्ये कुटुंबीयांच्या क्षमताविकासाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र त्या तरतुदीचा रोख स्वावलंबी जीवन, समाजाशी नाते, संगोपन आणि आधार यांवर आहे. हक्क मागण्याचे, तक्रार दाखल करण्याचे वा निर्णयप्रक्रियेत सहभागी होण्याचे प्रशिक्षण त्यात शब्दशः येत नाही. कुटुंब हे काळजीवाहक आहे, ही धारणा हक्कांच्या कायद्यातही टिकून राहिली, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे.

वास्तविक याच अधिनियमात मागण्यासारखे पुष्कळ आहे. कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश देणे अपेक्षित आहे. कलम ३१ नुसार ६ ते १८ वयोगटातील लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकाला नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राज्य आयुक्तांनी शिफारस केल्यास संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी, अथवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे द्यावीत, असे बंधन आहे. परंतु ही कलमे ज्याला ठाऊक नाहीत त्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा आहेत.

७. उपलब्ध पण दुर्लक्षित अवकाश

भारतीय संदर्भात पालकांच्या सहभागासाठी एक तयार जागा कायद्याने निर्माण केली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश वंचित गटाच्या व्याख्येत झाला. या दोन तरतुदी एकत्र वाचल्यास दिव्यांग बालकांच्या पालकांचा समितीतील प्रवेश हा उपकार नसून कायद्याची अपेक्षा आहे, हे स्पष्ट होते.

याच दुरुस्तीने तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकाला गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. पर्याय बालकाचा आहे, शाळेचा नाही. हा भेद सूक्ष्म असला तरी निर्णायक आहे. ‘याला घरीच ठेवा, शिक्षक घरी येतील’ असे शाळेने सुचविले तर तो हक्काचा वापर नसून हक्काची उलटापालट होय. प्रशिक्षित पालकाला हे ओळखता येते आणि तो शाळेकडून नकार लेखी मागू शकतो. तोंडी नकाराला दाद नसते. लेखी अर्ज, त्याची पोच, आवक क्रमांक, माहितीच्या अधिकारातील विचारणा ही साधी साधने पालकाच्या हाती आली की संवादाची पातळी बदलते.

८. आवाज कोणाचा?

या विषयातील सर्वांत नाजूक प्रश्न मात्र पालक आणि शासन यांच्यातील नाही, तो पालक आणि बालक यांच्यातील आहे. पालक बालकाच्या वतीने बोलतो, तेव्हा तो बालकाचेच म्हणणे मांडतो असे गृहीत धरता येत नाही. पालकाची भीती, थकवा आणि समाजात होणारी कुचंबणा यांचाही त्या बोलण्यात वाटा असतो. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ४ मध्ये दिव्यांग बालकांना स्वतःशी संबंधित बाबींवर मत मांडण्याचा समान हक्क मान्य केला आहे. कलम १४ मधील मर्यादित पालकत्वाची कल्पनाही परस्पर विश्वासावर आधारित संयुक्त निर्णयाची आहे. १८ वर्षांनंतर पालकाचा आवाज मागे आणि तरुणाचा आवाज पुढे यावा, हे जे प्रशिक्षण शिकवीत नाही ते अपुरे होय. मिनेसोटा राज्यात १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ या कार्यक्रमात लहान मुलांचे पालक आणि प्रौढ दिव्यांग व्यक्ती एकाच वर्गात बसतात. आपल्या मुलाच्या वयात आपण काय सोसले, हे प्रौढ व्यक्तीच्या तोंडून ऐकणे पालकासाठी कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलके ठरू शकते.

९. निष्कर्ष

१. संगोपन-कौशल्य आणि हक्क-सामर्थ्य यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. परंतु पहिल्याच्या नावाखाली दुसऱ्याला वगळणे हा पालकांवरील अन्याय आहे.

२. प्रशिक्षणाच्या आखणीत पालकांचा, त्यातही ग्रामीण व श्रमिक पालकांचा, निर्णायक सहभाग असावा. वेळ, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा विचार न करणारे प्रशिक्षण सुस्थित पालकांपुरतेच उरते.

३. शाळा व्यवस्थापन समिती हे अशा प्रशिक्षणाचे नैसर्गिक केंद्र ठरू शकते. समाजकार्य, शिक्षणशास्त्र व विधी महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांतून या समित्यांशी नाते जोडल्यास त्यांच्याजवळील ज्ञान उपयोगात येईल.

४. पालकांचे प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पर्याय होऊ शकत नाही. पालक बोलू लागला, पण ऐकणारा तयार नसेल, तर त्या बोलण्याचे रूपांतर पुन्हा एका अर्जात होते.

पालक-प्रशिक्षणाचे यश पालक किती लढले यावरून मोजता येणार नाही. पुढच्या पालकाला किती कमी लढावे लागले, हीच त्याची कसोटी होय.