स्कुल्डचे देणे

माझ्या पहिल्या कादंबरीच्या अठराव्या प्रकरणात मी नायिकेला नदीच्या पुरात वाहून जाऊ दिले आणि खाली लिहिले, 'दैवापुढे कुणाचे काय चालणार?' सातवीतल्या एका मुलीने ती कादंबरी वाचून मला विचारले, "गुरुजी, पूर आला नसता तर तुम्ही पुढे काय लिहिले असते?" मी तिला फळा पुसायला सांगितले.

तो प्रश्न उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांनी पुन्हा उकरून काढला. मॅट्रिकपुरते इंग्रजी आणि उशाशी कोश, एवढ्या भांडवलावर मी त्या वाचल्या. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने इ.स. १२२० च्या सुमारास 'एड्डा' ग्रंथात त्या मांडून ठेवल्या. पुढे १२४१ साली तो स्वतःच्याच घरात मारेकऱ्यांच्या हातून मेला.

या कथांत इग्द्रासिल नावाचा विश्ववृक्ष आहे. त्याच्या मुळाशी उर्दची विहीर, आणि तिथे उर्द, वेर्दान्दी आणि स्कुल्ड या तीन 'नॉर्न', म्हणजे दैवदेवता. झाडाची पाने हरणे खातात, मूळ नीडहोग नावाचा सर्प कुरतडतो, एक बाजू कुजत चालली आहे. शेवटी देवांचाही संहार व्हायचा आहे, आणि ते खुद्द ओडिनलाही ठाऊक आहे. तरी या तिघी रोज विहिरीतले पाणी आणि चिखल घेऊन झाडावर शिंपतात, फांद्या सडू नयेत म्हणून! दैवाच्या देवतांना असे घरकाम मी दुसरीकडे कुठे वाचले नाही.

सोप्या पुस्तकांतून या तिघींना भूत, वर्तमान आणि भविष्य अशी नावे देऊन, ग्रीकांच्या सूत कातणाऱ्या तीन देवतांशेजारी बसवून मोकळे होतात. मला हे पटत नाही. धाग्यांची गोष्ट एका वीरकाव्यात आहे खरी. पण 'वोलुस्पा' या जुन्या काव्यात त्या लाकडावर कोरतात. सहाव्या रात्री कपाळी लिहून जाणारी आपली सटवाई त्यांच्या अधिक जवळची वाटावी. शिवाय नावे पाहा. उर्द आणि वेर्दान्दी ही नावे 'होणे' या क्रियापदाशी जोडलेली आहेत: झालेले आणि होत असलेले. तिसरीचे मात्र तसे नाही. स्कुल्ड शब्दात 'देणे लागणे' हा अर्थ आहे. आजच्या आइसलंडी भाषेतही त्याचा अर्थ कर्ज असाच आहे. म्हणजे ही देवता नुसते 'होणार' म्हणत नाही, 'तुझ्याकडे येणे आहे' म्हणते. होणारे कुणावरही कोसळते. देणे मात्र माणसाला आपल्या हाताने चुकते करावे लागते.

हे नॉर्नागेस्टच्या गोष्टीत स्वच्छ दिसते. ती चौदाव्या शतकातल्या एका आइसलंडी हस्तलिखितात आहे. पाळण्यातल्या गेस्टला नॉर्न आशीर्वाद द्यायला आल्या. गर्दीत धाकटीला धक्का लागून ती पडली आणि लग्नघरातल्या रुसलेल्या आत्येप्रमाणे संतापून म्हणाली, ही शेजारची मेणबत्ती जळेल तेवढेच याचे आयुष्य. (शापाचे हे कारण फार पोरकट आहे; कथाकाराने इथे आळस केला.) थोरलीने झटकन मेणबत्ती विझवून आईच्या हाती दिली. मुलगा मोठा झाल्यावर आईने ती त्याला दिली. ती वीणेसारख्या वाद्याच्या चौकटीत ठेवून गेस्ट तीनशे वर्षे गात, गोष्टी सांगत हिंडला. ओलाफ राजाच्या दरबारी त्याने ख्रिस्ती धर्म घेतला. 'आणखी किती जगणार?' असे राजाने विचारले तेव्हा 'थोडेच' म्हणून त्याने मेणबत्ती बाहेर काढली. ती पेटवली गेली. ती संपली आणि गेस्टही संपला.

लिहिणारा ख्रिस्ती, जुन्या देवता खोट्या म्हणायला त्याला चांगली संधी होती. पण मेणबत्ती विझून गेस्ट पुढे जगला, असे लिहायला त्याचा हात धजला नाही. राजापेक्षा कथेचा धाक त्याला मोठा वाटला असावा. आणि मरणाचा क्षण त्याने पुरावर किंवा विजेवर टाकला नाही. तीनशे वर्षे मेणबत्ती गेस्टजवळ होती, ती त्यानेच बाहेर काढली.

माझ्या नायिकेजवळ असे काहीच नव्हते. तिचे कुणाला काय देणे होते, हे मी सतरा प्रकरणांत कुठेच लिहिलेले नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी अठरावे प्रकरण मी काढून टाकले आहे. तिला नदीकाठी उभी करून दोन महिने झाले. ती मुलगी आता आठवीला दुसऱ्या शाळेत गेली.