स्पॅनिशमधील रहिवासीवाचक शब्द : तक्ता पद्धतीची चिकित्सा

एखाद्या गावाचा, प्रदेशाचा किंवा देशाचा माणूस दाखवणाऱ्या शब्दाला स्पॅनिशमध्ये ‘खेन्तिलीसिओ’ म्हणतात. आपण त्याला रहिवासीवाचक शब्द म्हणू. प्राथमिक पाठ्यपुस्तकांत हे शब्द बहुधा तक्त्यातून शिकवले जातात : एका स्तंभात देश, दुसऱ्यात ‘-आनो’, ‘-एस’, ‘-एन्यो’, ‘-एन्से’ असे प्रत्यय. तक्त्याचा उपयोग नाकारता येत नाही. प्रत्ययावरून लिंगाचे रूप कळते : ‘फ्रान्सेस’चे (फ्रेंच) स्त्रीलिंग ‘फ्रान्सेसा’, तर ‘कानादिएन्से’ (कॅनडाचा) दोन्ही लिंगांत सारखाच. परंतु तक्ता दोन गोष्टी झाकून ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रत्यय नियमाने नव्हे, रूढीने ठरतो. हे मराठीतूनच तपासून पाहा. शहपुरा हे जबलपूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. तेथील माणसाला काय म्हणाल? साताऱ्याचा तो सातारकर, पण बडोद्याचा तो बडोदेकर. दोन्ही नावे आकारान्त, तरी रूपे वेगळी. म्हणून ‘शहपुरकर’ की ‘शहपुरेकर’, हे व्याकरणाचे पुस्तक उघडून ठरणार नाही. शिवाय शहपुरा नावाची गावे डिंडोरी जिल्ह्यात आणि राजस्थानातही आहेत. आपला ‘-कर’ त्यांच्यात भेद करत नाही. स्पॅनिश मात्र एकाच नावाच्या गावांत प्रत्ययाने भेद करते. चिलीची राजधानी सान्तियागो, तेथला तो ‘सान्तियागीनो’. स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेलाचा ‘सान्तियागेस’. क्यूबातील सान्तियागोचा ‘सान्तियागेरो’. अर्जेंटिनातील सान्तियागो देल एस्तेरोचा ‘सान्तियागेन्यो’. येथे प्रत्यय चुकला, तर माणसाचा देशच बदलतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती तुमच्याविषयी आहे. भारतीय माणसासाठी स्पॅनिश शब्द ‘इन्दिओ’. परंतु 1492 मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तेव्हा आपण आशियात आलो असे समजून त्याने तेथील लोकांना हाच शब्द लावला. गैरसमज फिटला, शब्द राहिला. लॅटिन अमेरिकेत ‘इन्दिओ’ म्हणजे प्रथमतः मूलनिवासी, आणि अनेक ठिकाणी तो हिणवण्यासाठीही वापरला जातो. ही संदिग्धता टाळण्यासाठी बरेच स्पॅनिश भाषक भारतीयाला ‘हिन्दू’ म्हणतात (उच्चार ‘इन्दू’, कारण ‘ह’ अनुच्चारित). स्पॅनिश अकादमीच्या कोशातही हा अर्थ नोंदलेला आहे. परिणामी जबलपूरचा मुस्लिम किंवा ख्रिस्ती विद्यार्थीही बोलण्याच्या ओघात ‘हिन्दू’ ठरतो. बोलणाऱ्याच्या मनात धर्म नसतो. ऐकणाऱ्याला मात्र तोच ऐकू येतो.

तक्त्यात ‘इंडिया – इन्दिओ’ अशी एक ओळ असते आणि विद्यार्थी ती पाठ करतो. पण बोगोटा किंवा लिमा येथे कोणी त्याला ‘हिन्दू’ म्हटले, तर काय समजावे आणि काय उत्तर द्यावे, याची तयारी ती ओळ करून देत नाही. अशा वेळी ‘सोय दे ला इन्दिया’, म्हणजे ‘मी भारताचा’ किंवा ‘मी भारताची’, हे साधे वाक्य दोन्ही शब्दांपेक्षा सुरक्षित ठरते.

म्हणून रहिवासीवाचक शब्द शिकताना प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारावेत : हा शब्द नेमक्या कोणत्या स्थळाचा? तो प्रथम कोणी कोणाला लावला? आणि ज्यांना तो लावला जातो, ते स्वतःला काय म्हणवतात?

स्वाध्याय : आपल्या जिल्ह्यातील पाच गावांचे रहिवासीवाचक शब्द तेथील लोकांना विचारून लिहा आणि त्यांतील कोणते नियमाने बनवता आले नसते, ते सांगा.