वस्तूचे चरित्र आणि वस्तूचा अंक : 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील शस्त्रसामग्रीची समीक्षा

प्रस्तावना

संगणकीय खेळांची चर्चा बहुधा व्यसन, कालापव्यय आणि हिंसा या अंगांनीच केली जाते. खेळाच्या रचनेकडे कलाकृती म्हणून पाहण्याचा प्रयत्न त्या मानाने विरळ आहे. प्रस्तुत लेखात ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रकाशित केलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन भूमिका-खेळातील वस्तू व शस्त्रसामग्रीचा विचार केला आहे. अझेरॉथ नावाच्या काल्पनिक जगात असंख्य खेळाडू एकाच वेळी वावरतात. प्रत्येकजण आपले एक पात्र घडवितो आणि त्या पात्राचे बळ फार मोठ्या प्रमाणात त्याने धारण केलेल्या शिरस्त्राण, चिलखत, अंगठी, तलवार इत्यादी वस्तूंवर अवलंबून असते.

मानववंशशास्त्रज्ञ इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या ग्रंथात, माणसाप्रमाणे वस्तूलाही चरित्र असते अशी मांडणी केली. वस्तू कधी विक्रेय माल असते, तर कधी समाज तिला बाजारातून बाहेर काढून एकमेव ठरवितो. या दोन अवस्थांमधील ताण हेच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधील शस्त्रसामग्रीचे मर्म आहे.

रंग आणि बंधन

खेळातील वस्तूंची प्रतवारी रंगांनी होते. करडा रंग टाकाऊ वस्तूचा, पांढरा सामान्य वस्तूचा. त्यापुढे हिरवा, निळा, जांभळा आणि त्यांच्याही वर दंतकथेतील वस्तूंचा नारिंगी. ही प्रतवारी शिकण्यास क्षणही लागत नाही आणि मनातून ती जाता जात नाही.

त्याहून महत्त्वाची कल्पना बंधनाची आहे. बहुतेक मौल्यवान वस्तू हाती येताच, तर काही अंगावर चढविताच, त्या पात्राच्या आत्म्याशी बांधल्या जातात. त्यानंतर त्या दुसऱ्या खेळाडूस विकता येत नाहीत. त्यामुळे अशी वस्तू संपत्ती न राहता कृत्याची नोंद होते. एखाद्याच्या खांद्यावरील कवच पाहून तो कोठवर जाऊन आला आहे, हे भर बाजारात कळते.

या रचनेची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. महाभारतातील कर्णाची कवचकुंडले जन्मतः देहाशी जडलेली होती. परंतु ती काढून देता आली, म्हणूनच त्यांना नैतिक अर्थ आला. खेळातील बंधन विक्रयाबरोबर दानालाही मज्जाव करते. २००९ पासून त्याच लढाईतील सोबत्याला दोन तासांच्या आत वस्तू देण्याची मुभा मिळाली. दानाला उरलेला अवकाश एवढाच.

सामूहिक श्रमाचे फळ

आरंभीच्या काळात मोल्टन कोअर या अग्निगुहेत चाळीस खेळाडूंचा संघ उतरत असे. शत्रू पडल्यावर मिळणाऱ्या वस्तू मोजक्याच असत, त्यामुळे त्या कोणास द्याव्यात हा न्यायाचा प्रश्न होता. हजेरी व श्रम यांचे गुण नोंदवून त्यांच्या मोबदल्यात वस्तू देण्याची, ड्रॅगनवधाच्या गुणांवरून 'डीकेपी' म्हणून ओळखली जाणारी पद्धत 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) या आधीच्या खेळातील गिल्डांनी रचली होती. ती येथेही रूढ झाली. खेळाच्या निर्मात्यांनी न लिहिलेले हे वितरणाचे कायदे खेळाडूंनी स्वतः निर्माण केले, ही बाब समाजशास्त्रीय दृष्ट्याही लक्षणीय आहे.

'थंडरफ्युरी' ही नारिंगी तलवार या संदर्भात बोलकी आहे. तिच्यासाठी बॅरन गेडन व गार या दोन शत्रूंकडून क्वचितच मिळणारे दोन अर्धे भाग, रॅगनॅरॉसचे सत्त्व आणि दुर्मीळ धातूच्या दहा कांबी जमवाव्या लागत. अखेरीस थंडरान या वायुपुत्राशी युद्ध करावे लागे. तलवार एकाच्या हाती येई, परंतु तिच्यात एकूणचाळीस जणांचे श्रम गोठलेले असत. मालकी वैयक्तिक आणि चरित्र सामूहिक, असे हे विलक्षण मिश्रण होय.

अंकाचे राज्य

प्रत्येक वस्तूस 'आयटम लेव्हल' नावाचा बलदर्शक अंक असतो. जानेवारी २००७ मध्ये 'द बर्निंग क्रुसेड' हा विस्तार आला आणि पात्राची कमाल पातळी ६० वरून ७० झाली. हेलफायर पेनिन्सुला या नव्या प्रदेशातील साध्यासुध्या कामगिऱ्यांबद्दल मिळणाऱ्या हिरव्या वस्तूंनी मोल्टन कोअरमधील अनेक जांभळ्या वस्तूंना मागे टाकले. अनेक महिन्यांच्या सामूहिक श्रमाचे फळ काही तासांत निरुपयोगी ठरले. रंगाने दिलेले वचन अंकाने मोडले. पुढे प्रत्येक विस्तारात हेच घडत राहिले.

२००८ ते २०१० या लिच किंग पर्वात 'गिअरस्कोर' हा खेळाडूंनीच रचलेला पूरक प्रोग्राम लोकप्रिय झाला. तो समोरच्याच्या अंगावरील सर्व वस्तूंचा एकच गुणांक काढून देई. 'कॅटाक्लिझम' (२०१०) पर्वात वस्तूंचा सरासरी अंक खेळाने स्वतःच पात्राच्या माहितीत दाखविण्यास सुरुवात केली. खांद्यावरचे कवच वाचण्याची गरज उरली नाही. आकडा पाहणे पुरेसे झाले. अंक इतके फुगले की २०१४ मध्ये कंपनीलाच ते सर्वत्र आटोपते घ्यावे लागले.

या टीकेवर एक सबळ आक्षेप संभवतो. जुन्या वस्तू बलवान राहिल्या असत्या, तर उशिरा आलेल्या खेळाडूस कधीच बरोबरी साधता आली नसती. दर विस्ताराला होणारी ही पुनर्मांडणी म्हणजे एक प्रकारचा समतेचा उपायच आहे. आक्षेप मान्य करण्याजोगा आहे; पण त्यावरून जुन्या वस्तूचे बळ ओसरावे एवढेच सिद्ध होते. तिने मूकही व्हावे, हे सिद्ध होत नाही.

चेहरा उरतो, वस्तू जाते

खेळाडूंच्या या दुखण्याची दखल २०११ च्या अखेरीस 'ट्रान्समॉग्रिफिकेशन' या सोयीने घेतली गेली. नव्या वस्तूचे बळ ठेवून तिला जुन्या वस्तूचे रूप देता येऊ लागले. ज्या वस्तू केवळ आठवणीखातर पेटीत जपल्या जात होत्या, त्या पुन्हा अंगावर आल्या. आरंभी त्यासाठी मूळ वस्तू जवळ असणे आवश्यक होते. २०१६ पासून मात्र रूप तेवढे संग्रहात नोंदले जाऊ लागले. वस्तू विकली वा नष्ट केली तरी चालते. स्मृतीचा मान राखला गेला, पण तिचा आधार असलेली वस्तू गेली. या सोयीस त्यामुळे अर्धीच दुरुस्ती म्हणावे लागते.

अ‍ॅशब्रिंगर : एका तलवारीची दोन रूपे

या ताणाचे सर्वांत स्पष्ट दर्शन 'अ‍ॅशब्रिंगर' या तलवारीत घडते. कथेनुसार ती अलेक्झांड्रॉस मोग्रेन या वीराची. त्याच तलवारीने त्याचा पुत्र रेनॉ याने त्याचा घात केला. २००६ मध्ये नॅक्सरॅमस या दुर्गात तिचे भ्रष्ट रूप खेळाडूंना मिळू लागले. ती धारण करणाऱ्याच्या कानी कुजबुज येई. तिच्यासह स्कार्लेट मठात प्रवेश केल्यास एरवी वैरी असलेले मठवासी गुडघे टेकत. रेनॉसमोर पित्याचे भूत प्रकट होऊन त्याचा वध करी. येथे वस्तू बळ वाढविण्यापुरती नाही. ती जगाला ओळखते आणि जग तिला. तिचे चरित्र वाचावे लागत नाही, ते समोर घडते.

२०१६ च्या 'लिजन' विस्तारात शुद्ध झालेली अ‍ॅशब्रिंगर 'रेट्रिब्यूशन' शाखेच्या प्रत्येक पॅलाडिनला देण्यात आली. एकाच चौकात वीस जण तीच एकमेव तलवार घेऊन उभे राहू लागले. प्रत्येकाची कथा त्यालाच तिचा एकमात्र वारस म्हणत होती आणि प्रत्येकाचे डोळे ते खोटे ठरवीत होते. २०१८ मध्ये कथेतच या शस्त्रांची शक्ती काढून घेण्यात आली आणि पुढील विस्तारातील अनाम शस्त्रांना वाट मोकळी झाली. कोपिटॉफ यांच्या परिभाषेत सांगायचे, तर एकमेवत्वाचाच येथे माल झाला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, या खेळाची खरी कलात्मक उपलब्धी बंधनाच्या कल्पनेत आहे. तिने वस्तूला बाजारापासून सोडवून कृत्याशी जोडले. त्याच खेळाने अंकाच्या वाढीवर आपले आयुष्य उभे केले आणि स्वतःच्या सर्वोत्तम कल्पनेला वारंवार दगा दिला. २०१९ मध्ये खेळाचे मूळ रूप स्वतंत्रपणे पुन्हा उपलब्ध करण्यात आले. मोल्टन कोअरमध्ये पुन्हा संघ उतरले आणि थंडरफ्युरीचे अर्धे भाग पुन्हा शोधले गेले. त्या तलवारीपेक्षा बलवान शस्त्रे तोवर असंख्य झाली होती. तरीही खेळाडू तिच्याकडे वळले, कारण बलवान शस्त्र कोणालाही मिळते. चाळीस जणांनी मिळून घडविलेले चरित्र मात्र तसे मिळत नाही.