शून्य शक्तिगुणांचा योद्धा

एका खेळाच्या नियमग्रंथातील एका तक्त्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे, हे वाचून काही जुन्या वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल याची आम्हांला कल्पना आहे. कादंबरी-नाटकांतील पात्रांची चिकित्सा करणाऱ्यांनी फासे टाकून खेळावयाच्या खेळातील पात्राकडे वळावे काय, असा प्रश्न कोणी केला तर तो अगदीच अप्रस्तुत म्हणता येणार नाही. परंतु पात्र घडविणे ही क्रिया जेथे जेथे गांभीर्याने चालते तेथे समीक्षेला मज्जाव नसावा, असे आमचे मत आहे. आणि ज्या मुलाने आमच्यापुढे आपले पात्रपत्रक ठेवून ‘याला मराठी नाव सुचवा’ म्हटले, त्याच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य आम्ही कित्येक नवकथाकारांच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही.

खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूने एक पात्र रचावे, एकाने सूत्रधार व्हावे, आणि सर्वांनी मिळून बोलत बोलत एक अद्भुतकथा पुढे न्यावी. संशय पडेल तेथे फाशाने निर्णय द्यावा, एवढेच त्याचे सार. मनाच्या सामर्थ्याने चमत्कार करणारी पात्रे त्यात १९७६च्या एका पुरवणीत आली. ‘सायकिक वॉरिअर’ हा वर्ग मात्र ब्रूस कॉर्डेल यांच्या २००१ सालच्या ग्रंथाने आणला, आणि २००४ सालच्या ‘एक्सपान्डेड सायॉनिक्स हँडबुक’ या त्याच्या सुधारित अवतारात तो पुष्कळसा स्थिरावला. आमच्यासमोर जे पत्रक आले ते या २००४च्या नियमांचे. जुन्या आवृत्त्यांना चिकटून राहणारी खेळाडूंची मंडळी आजही आहेत.

प्रथम नावाचे पाहू. ‘अतींद्रिय योद्धा’ हे शब्दकोशातून सहज निघणारे भाषांतर, पण ते साफ चुकीचे आहे. हा योद्धा इंद्रियांच्या पलीकडे कोठेही जात नाही. त्याच्या शक्तींची यादी पाहावी: हातांना श्वापदाची नखे फुटणे, जबडा लांडग्याचा होणे, देह दुणावणे, जखमा सोसण्याचे बळ तात्पुरते वाढणे. सारे काही शरीरातच घडते. ‘मांत्रिक योद्धा’ म्हणावे तर मंत्र ही बाहेरची वस्तू. आणि या ग्रंथाचा कटाक्ष असा की मनःशक्तीला ना उच्चार लागतो, ना हस्तमुद्रा, ना सामग्री. मांत्रिकाला जड चिलखत घालून मंत्र साधत नाही; याला पोलादात आपादमस्तक बांधले तरी अडचण नाही. ‘मनोबल’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटच्या वार्ताहरांनी वापरून झिजविला. शेवटी आम्ही ‘मनोयोद्धा’वर येऊन थांबलो. फार सुंदर नाही, पण खोटाही नाही.

आता तो तक्ता. मनोयोद्ध्याच्या पहिल्या पातळीसमोर दोन आकडे आहेत. ज्ञात शक्ती: १. शक्तिगुण: ०. म्हणजे त्याला एक विद्या येते, पण ती वापरण्याचे भांडवल त्याच्या वर्गाकडून त्याला मिळत नाही. पदरी प्रज्ञा बरीच असेल, किंवा जन्म एखाद्या मनःशक्तिसंपन्न कुळात झाला असेल, तर त्या मार्गाने एकदोन गुण मिळतात, एरवी नाही. आमच्या तरुण मित्राने मानवकुळातील पात्र घेतले होते, बळ १८ आणि प्रज्ञा १२. त्या प्रज्ञेने पहिल्या पातळीवर अधिकचा एकही गुण मिळत नाही. विस्तार पावण्याची विद्या त्याच्या योद्ध्याला अवगत होती, आणि ती एकदाही करून दाखविता येत नव्हती. दुसऱ्या पातळीपर्यंत, म्हणजे अनुभवाचे १००० गुण मिळेपर्यंत, तो नुसता तलवारबाज.

त्याच्या सवंगड्यांनी ही चूक म्हणून हेटाळली. आम्हांला मात्र त्या शून्याने थांबविले. ज्याला येते पण करता येत नाही, असा माणूस साहित्यात किती थोडा आढळतो आणि आयुष्यात किती विपुल! मराठी अद्भुतकथेतील वीर बहुधा जन्मतः समर्थ असतो किंवा कोणा सिद्धपुरुषाच्या प्रसादाने एका रात्रीत समर्थ होतो. सामर्थ्याचे ज्ञान आणि सामर्थ्य यांच्यामधली दरी त्याला ठाऊक नसते. येथे ती दरी एका तक्त्यात, कोणतेही वर्णन न करता, मांडली आहे. ग्रंथकर्त्याने हे हेतुपुरस्सर केले असे आम्ही म्हणत नाही. त्याचा हेतू बहुधा वर्गावर्गांतला तोल राखण्याचा होता. पण तोल राखताना हातून काव्य घडते, हे छंदाचे बंधन पाळणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

याहून अधिक मनोवेधक आहे ती अवधानाची कल्पना. या खेळातील मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करतो आणि उच्चारताच विसरतो. ही योजना जॅक व्हान्स यांच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’वरून उचललेली. मनःशक्तीच्या साधकाचा हिशेब निराळा. त्याच्याजवळ गुणांचा साठा असतो, आणि त्याखेरीज एक अवस्था असते: अवधान. तो पूर्ण एक फेरी, म्हणजे सहा सेकंद, चित्त एकवटतो. वीस बाजूंचा फासा आणि एकाग्रतेचे कौशल्य मिळून वीस भरले की तो अवधानात जातो. आमच्या मित्राच्या योद्ध्याचे कौशल्य ६. तेव्हा फाशावर १४ किंवा अधिक पडावयास हवे. वीसांत सात वेळा. हे अवधान तो हवा तितका वेळ धरून ठेवू शकतो. झोप वा मूर्च्छा आली तर ते सुटते. आणि ते खर्चही करता येते: ‘सायॉनिक वेपन’ नावाच्या कौशल्याने एका घावात ते सारे ओतून दोन फाशांची अधिक इजा करता येते. मात्र घाव घालण्यापूर्वी ठरवावे लागते. घाव चुकला तरी अवधान गेलेच.

या नियमाकडे आम्ही पुनःपुन्हा परत आलो. एकाग्रता ही जमविण्याची आणि एका क्षणी उधळून टाकण्याची वस्तू आहे, आणि उधळताना यशाची हमी नाही, हे ज्याने कधी मैफलीत समेवर येणाऱ्या गायकाकडे पाहिले आहे त्याला पटेल. आणखी एक बारकावा. शक्तिगुणांचा साठा शून्यावर आला की अवधानही सुटते. तेव्हा शून्य गुणांच्या आमच्या योद्ध्याला विद्या वापरता येत नाही एवढेच नव्हे, तर चित्तही एकवटता येत नाही. त्याने घेतलेले ‘सायॉनिक वेपन’ही त्या पातळीवर म्यानातच राहणार.

आणि ही एकाग्रता मोजावयाची कशाने? प्रज्ञेने नव्हे, काटकपणाने! या नियमांत एकाग्रतेचे कौशल्य शरीराच्या घडणीशी बांधलेले आहे. पाश्चात्त्य कल्पनेत मन आणि शरीर यांची फारकत झालेली आहे असे आपण व्याख्यानांतून वरचेवर ऐकतो; हा तक्ता त्या व्याख्यात्यांना दाखवावा. साहजिकच वाचकाला अष्टसिद्धींची आठवण होईल. एका शक्तिगुणात देह एका श्रेणीने वाढविणे ही महिमा नव्हे तर काय? साम्य खरे आहे, पण ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणून समाधानाचा ढेकर देण्यास आम्ही तयार नाही. पतंजलींच्या मते सिद्धी हा समाधीच्या वाटेवरील अडथळा आहे. येथे सिद्धी हेच प्रयोजन, आणि पहिल्या पातळीवर तिची मुदत एक फेरी. सहा सेकंदांची महिमा! योग्याला ती त्याज्य, योद्ध्याला ती अपुरी. दोघांची दुःखे एक नव्हेत.

ग्रंथाचा दोषही सांगितला पाहिजे. याच खेळातील धर्मवीराला व्रत आहे, भिक्षूला मठ आहे. मनःशक्तीच्या शुद्ध साधकालाही सहा शाखांपैकी एक निवडावी लागते. मनोयोद्ध्याला शाखा नाही, गुरुकुल नाही, शपथ नाही. तो कोठे शिकला, कोणाकडून, आणि त्याने तलवार का सोडली नाही, यावर ग्रंथ जवळजवळ मुका आहे. पुष्कळ खेळाडू ही पोकळी दोन प्रकारांनी भरतात. काही जण आकड्यांची अशी काही सांगड घालतात की पात्र म्हणजे इजा मोजण्याचे यंत्र होते. काही जण चार पाने पूर्वचरित्र लिहितात: जळालेले गाव, मेलेला बाप, सूड, आणि त्या चरित्राचा पत्रकावरील एकाही आकड्याशी संबंध नसतो. आम्हांला दोन्ही रीती सारख्याच आळशी वाटतात. आकडा हाच चरित्राचा पुरावा मानून प्रश्न विचारला पाहिजे: बळ १८ असलेल्या माणसाला मनाची वाट का धरावीशी वाटली? ज्याचे सारे काम मनगटाने होते तो जे जमत नाही त्याच्या मागे का लागला?

२०२० सालच्या एका ग्रंथात हा योद्धा ‘साय वॉरिअर’ या नावाने परतला, आणि २०२४च्या मुख्य खेळाडूग्रंथातही त्याला जागा मिळाली. आता तो स्वतंत्र वर्ग नाही. सामान्य लढवय्या तिसऱ्या पातळीवर ही वाट निवडतो. त्याच्या शक्तीचे माप प्रज्ञेकडून बुद्धीकडे गेले, गुणांच्या साठ्याची जागा मोजक्या फाशांनी घेतली. खेळावयास सुटसुटीत, यात शंका नाही. परंतु शक्ती मिळते तेव्हाच ती चालूही लागते. येते पण करता येत नाही, असा एकही दिवस त्याच्या वाट्याला येत नाही. अवधान जमविणे आणि गमावणेही गेले. सोय झाली, पात्र उणे झाले.

आमच्या तरुण मित्राला आम्ही यातले बरेचसे सांगितले. मनगटाचा प्रश्न त्याला विचारला, शून्य तसेच ठेवण्याचा आग्रहही केला. तो ऐकून घेत होता, पण खेळावयाचे त्याला होते, आम्हांला नव्हे. पुढच्या भेटीत त्याने पत्रक आणले तेव्हा बळ खोडून १६ केले होते आणि प्रज्ञा १४. त्या प्रज्ञेचा पहिल्या पातळीवर एक शक्तिगुण मिळतो. आम्ही किंचित नाराज झालो, आणि मग त्यानेच आम्हांला दाखविले: एकच गुण असल्याने तो जपून ठेवला तर अवधान राहील, आणि खर्च केला तर सहा सेकंद देह वाढेल पण अवधान त्याच क्षणी सुटेल. दोन्ही एकदम नाही. ‘हे शून्यापेक्षा वाईट आहे,’ तो म्हणाला, आणि हे म्हणताना तो खुशीत होता. नावाची चौकट अजून कोरीच होती.