लाघवाचे ऐश्वर्य : जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी

रायफल हातात घेण्याआधी आपण तिचे काडतूस तळहातावर घेऊ, कारण या रायफलीचे सारे सौंदर्य त्या एवढ्याशा पितळी देहातून उगवलेले आहे. सत्तावन्न मिलिमीटर उंचीचे, खांद्याशी हलकेच निमुळते होत गेलेले हे पितळेचे नळकांडे, आणि त्याच्या गळ्यातून बाहेर डोकावणारी सात मिलिमीटर जाडीची गोळी. ही गोळी मूळ घडणीत १७३ ग्रेनची, म्हणजे अकरा ग्रॅमांहून थोडी अधिक. गोल डोक्याची आणि आपल्या जाडीच्या मानाने नवल वाटावे इतकी लांब. तिच्या या लांबटपणावर नजर थोडी रेंगाळू द्यावी. रुंद, बोजड गोळी मोठा आघात करून लवकर थबकते. लांब आणि सडपातळ गोळी मात्र आपले सारे वजन एका रेषेत गोळा करून सरळ, खोल शिरत जाते. ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझरने १८९२ साली हे काडतूस सिद्ध केले, पुढच्याच वर्षी स्पेनच्या सैन्याने ते स्वीकारले, आणि १८९८ साली क्यूबात सान हुआनच्या टेकडीवर चढणाऱ्या अमेरिकनांना व वर्षभराने दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांसमोर उभ्या ठाकलेल्या इंग्रजांना त्याची ओळख समोरच्या बाजूने, फार महाग पडून, झाली.

ज्याचा मार सोसला त्याच्याच प्रेमात पडावे, ही इंग्रजांची खास तऱ्हा. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने माउझरची यंत्रणा घेऊन तिच्यावर आपल्या हातची नळी आणि आपला अक्रोडी कुंदा चढवला, सात मिलिमीटरचे इंचात रूपांतर केले आणि .२७५ या आकड्याने ही रायफल बाजारात आणली. पुढे १४० ग्रेनची हलकी, वेगवान गोळी आली ती स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर दूरच्या सांबरवर्गी नरावर नेम धरणाऱ्यांसाठी. म्हणजे हिची जन्मकुंडली हरणाच्या शिकारीची. वाघाचे नाव तिच्यात कोणी लिहिले नव्हते.

त्या काळच्या हिंदुस्थानात शिकाऱ्यापुढे बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, निवडण्याचा प्रश्न मोठा चमत्कारिक होता. लष्कराची .३०३ खासगी हातात जाऊ नये म्हणून तिच्यावर निर्बंध. बंडखोरांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७च्या सुमारास .४५० बोअरवरही बंदी आली, आणि बंदुका घडवणाऱ्या कंपन्यांनी कायद्याच्या कडेकडेने वाट काढत .४६५, .४७० अशी नवी बोअरे जन्माला घातली. एका सरकारी हुकुमाने इतकी विविधता निर्माण व्हावी, हे हुकूम काढणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावे! मात्र या गर्दीतही वाघासाठी म्हणून जे काही पत्करले जाई ते बहुधा जाडजूडच असे : दुनळी, वजनदार, खांदा हलवून सोडणारी. अशा दरबारात .२७५ने पाऊल ठेवावे ही गोष्ट अनेकांना धाडसाचीच वाटली असणार.

आता आपण जिम कॉर्बेटच्या त्या एका विशिष्ट रायफलीकडे वळू. कुंद्यावर चांदीची एक छोटी पट्टी जडवलेली आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी मिस्टर कॉर्बेट यांना ही रायफल भेट दिली, एवढाच त्या पट्टीचा आशय. या कोरीव अक्षरांमागे लपलेला विरोधाभास किती रसाळ आहे पाहा. चंपावतच्या वाघिणीवर, जिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात तिच्यावर, कॉर्बेटने झाडलेली रायफल होती .५०० बोअरची धिप्पाड दुनळी. तिची मोजकी काडतुसे ऐन वेळी संपली, आणि शेवटचा बार काढावा लागला तो तहसीलदारसाहेबांकडून धावत जाऊन आणलेल्या, नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात फट पडलेल्या बंदुकीतून. जाड बोअरच्या पराक्रमाचे बक्षीस म्हणून सडपातळ बोअर हाती आले. भेटीत निवड देणाऱ्याची असते हे खरे. पण पायी हिंडणाऱ्या माणसाने पुढची कित्येक वर्षे रोज सकाळी तीच खांद्याला लावायची ठरवली, ही निवड सर्वस्वी त्याची.

आणि त्या निवडीचे मर्म उमगण्यासाठी ११ एप्रिल १९३०ची, चौगढच्या डोंगरांतली दुपार आपण सावकाश वाचायला हवी. चौसष्ट माणसे मारलेल्या वाघिणीच्या मागावर कॉर्बेट एका ओढ्याच्या पात्रात उतरतो आहे. वाटेत त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद, म्हणून ती त्याने डाव्या हातात अलगद धरली आहेत. नरभक्षकाच्या रानात एक हात अंड्यांनी अडवून चालणारा हा शिकारी पाहून आपल्याला हसू येते. उजव्या हातात .२७५, छातीवर तिरकी धरलेली, नळीचे तोंड डावीकडे. एक उभा खडक ओलांडून तो पुढे येतो, उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, आणि आठ फुटांवर बसलेल्या वाघिणीच्या नजरेला नजर भिडते.

इथून पुढे जे घडते ते सगळे एका मनगटात घडते. तो वळत नाही, दचकत नाही. नुसती रायफलीची नळी, कणाकणाने, वाघिणीला हालचाल जाणवणार नाही इतक्या मंद गतीने, पाऊण वर्तुळ फिरू लागते. हात लांबत लांबत पुरता ताठ होतो, वजन जाणवू लागते, आणि नळी जेमतेम तिच्या अंगावर येते न येते तोच चाप दाबला जातो. गोळी हृदयाच्या वरच्या भागातून जाऊन मणका फोडते. आपण स्वतःला विचारून पाहावे : सुमारे साडेतीन किलोंच्या जागी साडेचार-पाच किलोंची दुनळी असती, तर एका हाताने, लांबवलेल्या बाहूवर, ती अशी फिरली असती का? कॉर्बेटने स्वतःच नंतर हिशेब मांडला आहे, आणि त्यात रायफलीच्या हलकेपणाला मानाचे स्थान दिले आहे. अंड्यांनाही दिले आहे : दोन्ही हात मोकळे असते तर आपण गर्रकन वळलो असतो आणि तिने झेप घेतली असती, असे तो म्हणतो. शिकारीनंतर ती अंडी त्याने परत जागेवर नेऊन ठेवली, आणि अर्ध्या तासाने तिकडून जाताना पाहिले तर आई त्यांच्यावर बसलेली होती.

काव्यमीमांसक क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले; शस्त्राच्या बाबतीतही मला तीच कसोटी अधिक भावते. ताकद किती, यापेक्षा ती कोणाच्या हातात, कोणत्या वाटेवर, किती अंतरावर, हे प्रश्न या रायफलीला शोभतात. मचाणावर बसून हाक्याची वाट पाहणाऱ्याला वजनाची काय फिकीर! कुमाऊँच्या चढणींवर कोसच्या कोस पायी जाणाऱ्याला मात्र प्रत्येक तोळा मोजावा लागतो. अर्थात कॉर्बेट भाबडा नव्हता. जेफ्रीची .४५०/४०० दुनळी त्याच्या घरी होतीच, आणि जिथे घायाळ जनावर अंगावर येण्याची धास्ती, तिथे तो तीच उचलत असे. ज्याने दोन्ही वापरल्या त्याचे .२७५वरचे प्रेम म्हणूनच विश्वासार्ह वाटते.

तिच्या यंत्रणेतही एक सूक्ष्म आनंद दडलेला आहे. बोल्ट मागे ओढून पुढे सारला की पेटीतून वर आलेल्या काडतुसाची कड माउझरचा लांब पोलादी पंजा आधीच पकडून ठेवतो, आणि मग ते नळीत जाते. रायफल आडवी असो, उलटी असो, काडतूस घरंगळत नाही, वाटेत अडकत नाही. दुनळीला दोनच बार. इथे पेटीतच पाच काडतुसे मावतात. बोल्टचा तो मागे-पुढे होणारा, तेलकट, आश्वस्त खटका ज्याने एकदा बोटांखाली अनुभवला, त्याला इतर यंत्रणा काहीशा ओबडधोबड वाटू लागतात, असे या पंथातले लोक सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नसावी.

याच बोअरने आफ्रिकेत वॉल्टर बेल नावाच्या स्कॉट माणसाने शेकडो हत्ती लोळवले. हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून, त्या लांब १७३ ग्रेनी गोळीने नेमका मेंदू गाठण्यात त्याचे कौशल्य होते. गोळीच्या गुणाचा दाखला म्हणून हे उदाहरण सगळे देतात. मला ते वाचताना कौशल्याचे कौतुक संपते आणि हस्तिदंताचा हिशेब तेवढा उरतो. कॉर्बेटची रायफल हातात घेताना निदान हे ओझे मनावर येत नाही. नरभक्षकांपलीकडे तो पुढे कॅमेऱ्याकडेच अधिकाधिक वळत गेला.

१९४७ साली कॉर्बेट केनियातल्या न्येरीला गेला, १९५५ साली तिथेच वारला. रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आली, आणि २०१५ साली रिग्बी कंपनीने ती परत मिळवली. दुसऱ्याच वर्षी तिला कुमाऊँत, कॉर्बेटने वसवलेल्या छोटी हलद्वानीत आणले गेले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटवला आहे, आणि तो मिटला ते उत्तमच झाले. छोटी हलद्वानीच्या गावकऱ्यांना ती रायफल पाहायला मिळाली ती कॉर्बेटसाहेबांची वस्तू म्हणून.

स्कॉटलंडच्या डोंगरांवर मात्र तिचा वंश अजून हिंडतो. रिग्बीने अलीकडे .२७५ नव्याने घडवायला घेतली, आणि ती पत्करणाऱ्याला काही गैरसोयी सोसाव्या लागतातच. जुन्या, कमकुवत रायफली फुटू नयेत म्हणून अमेरिकन कारखाने हे काडतूस बेताच्या दाबाचेच भरतात, त्यामुळे छापील आकड्यांच्या शर्यतीत ते मागे दिसते. खांद्याला बसणारा धक्का मात्र इतका सौम्य, की नेमबाज चाप दाबताना डोळे मिटत नाही, आणि हा लाभ कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. दुकानात .३०८ची खोकी कपाटभर रचलेली असतात. .२७५ मागितली, की दुकानदार मागवून देतो म्हणतो, वर .३०८ घेण्याचा सल्लाही देतो. गिऱ्हाईक तो सल्ला शांतपणे ऐकून घेते आणि दोन खोकी जास्तीची सांगून ठेवते.