सुगरणीचा खोपा आणि मुलांच्या कविता

‘आवडत्या प्राण्यावर कविता लिहा’ असे सांगितले की वह्यांत ठराविक शब्द उतरतात. ससा मऊ मऊ, चिमणी चिवचिव, मोर थुईथुई. मग शिक्षक सुचवतात, ‘आवाजाचे, वासाचे, स्पर्शाचे शब्द घाला.’ सूचना चांगली आहे. पण तिने बहुधा विशेषणे वाढतात, अनुभव वाढत नाही. भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्या किती मुलांनी सशाला हात लावलेला असतो? त्यांचा ‘मऊ’ हा शब्द बोटांकडून आलेला नसतो, पुस्तकातून आलेला असतो. विज्ञानात आपण अशा माहितीला ऐकीव म्हणतो. कवितेतही ती ऐकीवच राहते.

या दृष्टीने बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता तपासून पाहण्यासारखी आहे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. काम करता करता रचलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. या कवितेचे बळ निरीक्षणात आहे. एवढे अवघड विणकाम करणाऱ्या पक्ष्याकडे हत्यार म्हणून फक्त चोच आहे, हे त्यांनी हेरले आणि त्याची तुलना माणसाच्या हातांशी केली. वाचणाऱ्याला पक्षी कामात गढलेला दिसतो.

याच कवितेतील एक गोष्ट मात्र वस्तुस्थितीशी जुळत नाही. कवितेत खोपा मादी बांधते; प्रत्यक्षात तो नर विणतो. सालिम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर नर तो पुरा करतो. मादी अंड्यांवर बसली की तो दुसरा खोपा विणायला घेतो.

मग कविता चुकीची म्हणून बाजूला ठेवायची काय? मुळीच नाही. तिच्यात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत. टांगलेला खोपा आणि विणणारी चोच डोळ्यांनी दिल्या. त्या आजही खऱ्या आहेत. ‘विणणारी मादी आहे’ हा निष्कर्ष आहे, आणि त्याला भाषेनेही हातभार लावला असावा. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी. घार, पाल, चिमणी यांना आपण ‘ती’ म्हणतो. कावळा, पोपट यांना ‘तो’. मुलेही याच वाटेने चिमणीला आई करतात. व्याकरणातील लिंग आणि प्राण्याचे लिंग या निराळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला कवितेच्या तासासारखी दुसरी संधी नाही. भिवंडीत मागावर उभे राहणारे बहुतेक पुरुषच असतात. विणणारा नर तिथल्या मुलांना नवलाचा वाटू नये.

शास्त्राने कविता कोरडी होते, ही भीती काही शिक्षकांना वाटते. उलट, नेमके पाहिले की शब्द नवे सुचतात. यासाठी वहीत दोन रकाने आखावेत : ‘जाणवले’ आणि ‘वाटले’. जवळपासचा एखादा प्राणी दहा मिनिटे पाहावा. शेळीच्या डोळ्यातील बाहुली आडवी असते. मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते. पत्र्यावरून कबुतर उडताना पंखांचा आवाज होतो. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला तो कशासारखा वाटतो, हे त्यालाच ठरवू द्यावे. हे पहिल्या रकान्यात. शेळी उदास आहे, कबुतर घाबरले आहे, हे दुसऱ्यात. दुसरा रकाना वर्ज्य नाही. कवितेला तोही लागतो. फक्त कोणती ओळ कोठून आली, हे मुलाला सांगता आले पाहिजे.

पावसाळ्यात भातखाचरांजवळच्या झाडांवर सुगरणींचे खोपे लटकलेले दिसतात. तेथे वर्ग न्यावा, दुरून पाहावे, खोप्याला हात लावू नये. विणणाऱ्या पक्ष्याच्या डोक्याचा रंग कोणता, हे प्रत्येकाने नोंदवावे. तो पिवळाधमक असेल, तर विणकर नर आहे. कविता त्यानंतर लिहायला सांगावी.