आगेरा, जमीन आणि ‘लाऊदातो सी’ : एक चिकित्सा

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक २०१५ साली प्रसिद्ध झाले. पर्यावरणाचा ऱ्हास आणि दारिद्र्य ही दोन संकटे नसून एकच संकट आहे, ही त्याची मध्यवर्ती भूमिका होय. प्रस्तुत लेखात या भूमिकेमागील अर्थविचार अंधेरी-मरोळ परिसराच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात श्रद्धा आणि उपजीविका यांची फारकत नव्हती. ऑक्टोबरातील आगेरा सणात भाताच्या नव्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. लग्नातील ‘उंबराचे पाणी’ हा विधी विहिरीशी जोडलेला आहे. जेथे शेत उरले नाही, तेथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. विधी टिकला, त्याचा आर्थिक आधार गेला. १५७९ सालच्या संत योहान चर्चचे अवशेष आज १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झच्या आवारात आहेत. ते चर्च एकोणिसाव्या शतकातच साथीमुळे ओस पडले होते, म्हणून त्याचा दोष उद्योगांना देता येत नाही. तथापि भोवतालच्या भूमीचा अर्थ कसा पालटला, याची ते साक्ष देते.

परिपत्रक योबेल वर्षाची आठवण करून देते. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायानुसार पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परतावयाची असते, कारण तिचा खरा स्वामी देव आहे. हा केवळ संयमाचा उपदेश नाही. ती जमिनीच्या बाजारावरील मर्यादा आहे. परिपत्रक मात्र शहरी जमिनीची किंमत कशी ठरते, याच्या तपशिलात शिरत नाही. ते नीतिपर लेखन आहे, आर्थिक आराखडा नव्हे, असा बचाव संभवतो. परंतु कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीतून नवा सट्टा उद्भवेल, असा नेमका इशारा तेच देते. मग चटईक्षेत्राच्या सट्ट्याविषयी तितकी नेमकी भूमिका का नसावी?

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने हा प्रश्न परिपत्रकाच्या कितीतरी आधी हाती घेतला होता. श्रद्धेची कसोटी तिने जमिनीच्या वापरावर लावली, हे तिचे वैचारिक महत्त्व.

गावठाणातील घर विकासकाला देणारे कुटुंब लोभी असतेच असे नाही. भावंडांतील वाटण्या, आजारपण, मुलांचे शिक्षण यांपुढे त्याला दुसरा पर्याय दिसत नाही. अशा कुटुंबाला केवळ साधेपणाचा उपदेश अपुरा पडतो. या उपनगरांत चर्चही जमीनधारक आहे. म्हणून ‘लाऊदातो सी’चे खरे भाष्य प्रवचनांपेक्षा चर्च आपल्या जमिनींविषयी घेत असलेल्या निर्णयांतून लिहिले जाईल, असे म्हणावेसे वाटते.